लिटरमागचे अंतर : इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज

भारतातील बहुतेक पंपांवर २०२५ साली विकल्या जाणाऱ्या साध्या पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २०० मिलिलिटर इथेनॉल असते. उसाचा रस, मळी, मका आणि खाण्यास अयोग्य ठरलेले धान्य यांपासून तयार होणारे हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले म्हणजे त्या मिश्रणाला ई-२० म्हणतात. १० टक्के मिश्रणाला ई-१० आणि ज्यात इथेनॉल मुळीच नाही अशा पेट्रोलला ई-० म्हणण्याची पद्धत आहे. या मिश्रणामुळे गाडीचे अ‍ॅव्हरेज, म्हणजे लिटरमागे कापले जाणारे अंतर, किती घटते या प्रश्नावर देशात मोठा वाद झाला आणि त्यात एक-दोन टक्क्यांपासून पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतचे आकडे एकाच वेळी फिरत राहिले. यांपैकी काही आकडे परस्परविरोधी वाटले तरी वस्तुतः एकमेकांना पूरक आहेत, कारण ते वेगवेगळ्या आधारावरून मोजलेले आहेत. तर काही आकडे इंधनाच्या रसायनशास्त्रात बसणारेच नाहीत. अ‍ॅव्हरेज घटते, ही गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. ते किती घटते याचा हिशेबही बऱ्याच अंशी कागदावर मांडता येतो. खरा वादाचा मुद्दा त्या घटीची किंमत कोणी सोसावी हा आहे, आणि तो रसायनशास्त्रापेक्षा दरपत्रकाशी अधिक संबंधित आहे.

एका लिटरात किती ऊर्जा

इंधनातील ऊर्जा मेगाज्यूल या एककात मोजली जाते. घरातील विजेच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ नऊ युनिटे, एवढी उष्णता देते, तर एक लिटर इथेनॉल साधारण २१ मेगाज्यूल, म्हणजे सहा युनिटांच्या आसपास. या फरकाचे कारण इथेनॉलच्या रेणूतच आहे. पेट्रोल हे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण असते आणि हे दोन्ही घटक जळताना उष्णता देतात. इथेनॉलच्या रेणूत मात्र दोन कार्बन आणि सहा हायड्रोजन अणूंच्या जोडीला एक ऑक्सिजनचा अणू असतो आणि रेणूच्या एकूण वजनापैकी सुमारे ३५ टक्के वजन त्या एकट्याचे असते. हा ऑक्सिजन स्वतः उष्णता देत नाही, तो ज्वलनाला फक्त मदत करतो. त्यामुळे इथेनॉल हे एका अर्थाने आधीच अंशतः जळलेले इंधन ठरते.

एवढ्या दोन आकड्यांवरून पुढचा हिशेब मांडता येतो. ई-१० च्या एका लिटरात ९०० मिलिलिटर पेट्रोलची आणि १०० मिलिलिटर इथेनॉलची ऊर्जा मिळून सुमारे ३०.९ मेगाज्यूल भरतात, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ३.४ टक्के कमी. ई-२० मध्ये ती सुमारे २९.८ मेगाज्यूलवर येते आणि तूट ६.९ टक्क्यांच्या घरात जाते. ई-१० वरून ई-२० वर येताना होणारी घट मोजली, तर ती साडेतीन टक्के भरते. इंजिनाची कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील ऊर्जेपैकी चाकापर्यंत पोहोचणारा वाटा, जर तसाच राहिला, तर अ‍ॅव्हरेजही याच प्रमाणात घटेल. ई-० वर लिटरला ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल ई-१० वर सुमारे ४८.३ आणि ई-२० वर सुमारे ४६.६ किलोमीटर देईल.

याच हिशेबाने वादातील सर्वांत मोठे आकडे तपासून पाहता येतात. पेट्रोलमध्ये इथेनॉलऐवजी मुळीच न जळणारा एखादा द्रव २० टक्के मिसळला असता, तर ऊर्जा २० टक्क्यांनी घटली असती. इथेनॉल जळते आणि पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा देते. तेव्हा केवळ मिश्रणामुळे अ‍ॅव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी घटले, हे म्हणणे टिकत नाही. एखाद्या गाडीत तेवढी घट खरोखरच दिसत असेल, तर तिचे काही कारण इंधनाबाहेर, म्हणजे इंजिनाच्या जुळणीत, देखभालीत, रहदारीत किंवा मोजण्याच्या पद्धतीत शोधावे लागते.

इंजिन या बदलाला कसे सामोरे जाते

इंधन जळण्यासाठी हवा विशिष्ट प्रमाणात लागते. पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला सुमारे ९ किलो पुरते आणि ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. अर्थात तेवढ्याच हवेत ई-२० अधिक जाळावे लागते. फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे हे ईसीयूला कळवतो. तो जास्त उरला असेल तर मिश्रणात इंधन कमी पडले असा त्याचा अर्थ होतो आणि ईसीयू इंजेक्टर अंशभर अधिक वेळ उघडा ठेवतो. चालकाला यातले काही जाणवत नाही. गाडीचा जोरही घटत नाही, कारण सिलिंडरमध्ये आलेल्या हवेच्या प्रत्येक किलोमागे पेट्रोल आणि इथेनॉल यांतून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. तेवढा जोर मिळवण्यासाठी टाकीतून थोडे अधिक इंधन खर्च होते, इतकेच. ‘गाडी ओढायला पूर्वीसारखीच आहे, पण पेट्रोल लवकर संपते’ ही चालकांची तक्रार या शास्त्रीय वस्तुस्थितीशी नेमकी जुळते.

कार्बोरेटरच्या दुचाकींचे गणित वेगळे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या लक्षावधी स्कूटर आणि मोटारसायकली मात्र अजून रस्त्यावर आहेत. कार्बोरेटरमध्ये इंधन एका लहानशा पितळी जेटमधून येते आणि या जेटचे छिद्र किती मोठे यावर त्याचे प्रमाण ठरते. तेथे ना सेन्सर असतो, ना दुरुस्ती करणारा संगणक. ई-२० आले तरी छिद्र तेवढेच राहते, येणारे इंधनही जवळजवळ तेवढेच राहते, आणि त्या इंधनाला हवा कमी लागत असल्यामुळे मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गाडी मुळात ‘रिच’ मिश्रणावर, म्हणजे गरजेपेक्षा अधिक इंधनावर, चालत असेल तर हा बदल तिच्या पथ्यावर पडतो आणि ज्वलन सुधारल्याने ऊर्जेतील तुटीचा काही भाग भरून निघतो. मिश्रण आधीच लीन असेल तर मात्र गाडी पिकअपला अडखळते, सकाळी लवकर सुरू होत नाही, इंजिन अधिक तापते आणि चालक अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळू लागतो. अशा वेळी गॅरेजमध्ये एअर स्क्रू फिरवून किंवा पुढच्या नंबरचा जेट बसवून मिश्रण पुन्हा जमवले जाते. गाडी सुरळीत चालू लागते. अ‍ॅव्हरेजमधील घट मात्र त्या दुरुस्तीनंतर पूर्णपणे पदरात येते.

इथेनॉलची एक बाजू इंजिनाच्या फायद्याचीही आहे. इंधन-हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जात असताना ठिणगी पडण्यापूर्वी किंवा ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कुठेतरी आपोआप पेटले, तर इंजिनातून ठोके ऐकू येतात. याला नॉकिंग म्हणतात आणि त्याला विरोध करण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन आकड्याने दाखवतात. भारतातील साध्या बीएस-६ पेट्रोलचा हा आकडा ९१ होता, ई-२० चा तो सुमारे ९५ आहे. शिवाय इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड होते आणि नॉकिंगचा धोका आणखी घटतो. या गुणांचा लाभ उठवायचा तर इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते प्रमाण, वाढवावा लागतो किंवा ठिणगी पडण्याची वेळ पुढे आणावी लागते. असे इंजिन त्याच ऊर्जेतून अधिक काम काढते आणि तूट काही अंशी भरून काढते. जुन्या गाडीत ही सोय नसते. तिला ९५ ऑक्टेनचे इंधन मिळाले, तरी त्याचे सोने करण्याचे साधन तिच्यापाशी नसते.

आकडे तीन, आधारही तीन

नीती आयोगाने राकेश सरवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा २०२० ते २०२५ या काळासाठीचा आराखडा जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन अंदाज दिले आहेत. मूळ ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अपेक्षित आहे. २०१४-१५ च्या सुमारास इंडियन ऑइल, वाहन उत्पादकांची संघटना आणि पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय यांनी केलेल्या चाचण्यांतही वाहनाच्या प्रकारानुसार ६ टक्क्यांपर्यंत घट दिसली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वाद पेटल्यावर केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, तेव्हा ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के आणि इतरांसाठी ३ ते ६ टक्के अशीच मर्यादा सांगितली.

हे आकडे वर मांडलेल्या ऊर्जेच्या हिशेबाशेजारी ठेवले, म्हणजे त्यांचा उलगडा होतो. सहा-सात टक्के ही ई-० आणि ई-२० यांच्यातील संपूर्ण ऊर्जातूट आहे आणि जे इंजिन नव्या इंधनाचा काहीच लाभ घेऊ शकत नाही, त्याला ती जशीच्या तशी सोसावी लागते. तीन-चार टक्के हे दुचाकींच्या रिच जुळणीतून वाचलेल्या इंधनाचे चिन्ह मानता येते. एक-दोन टक्के हा आकडा ई-२० साठी सुधारलेल्या इंजिनाचा आहे. भारतात २०२३ च्या एप्रिलपासून ई-२० ला टिकतील असे सुटे भाग असलेल्या आणि २०२५ च्या एप्रिलपासून इंजिनही ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांचे वेळापत्रक आखले गेले होते. सरकारी खुलाशातील एक-दोन टक्क्यांचा आकडा बातम्यांच्या मथळ्यात येतो आणि २०१५ ची गाडी चालवणारा माणूस तो स्वतःला लावून पाहतो, तेव्हा त्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. वास्तविक तो आकडा त्याच्या गाडीचा नसतोच.

अमेरिकेतील अनुभवही याहून वेगळा नाही. तेथील ऊर्जा खात्याच्या ओक रिज आणि एनआरईएल या प्रयोगशाळांनी २००८-०९ मध्ये १६ मोटारींवर केलेल्या चाचण्यांत शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सरासरी घट ई-१० ला ३.७, ई-१५ ला ५.३ आणि ई-२० ला ७.७ टक्के आढळली. त्या मोटारी ई-२० साठी बनवलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांची घट ऊर्जातुटीच्या जवळपासच राहिली.

टाकीपासून टाकीपर्यंत

सामान्य वाहनधारकाला आपल्या गाडीतील घट स्वतः मोजायची असेल, तर रूढ पद्धत ‘टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल’ ही आहे. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, नेहमीप्रमाणे गाडी चालवायची आणि पुन्हा त्याच पद्धतीने टाकी भरून कापलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचे. पद्धत योग्य आहे, पण तिच्या अचूकतेला मर्यादा आहे. आठ लिटर पेट्रोल भरताना नोझल दोनशे मिलिलिटर आधी किंवा नंतर थांबला, गाडी स्टँडवर कलती उभी होती किंवा पंप बदलला, एवढ्यानेच उत्तरात अडीच टक्क्यांचा फरक पडतो. एक-दोन टक्क्यांची घट अशा एका टाकीवरून दिसणे शक्य नाही; सहा टक्क्यांची घटही अनेक टाक्यांची बेरीज केल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

त्यातही रोजच्या वापरातील इतर कारणे इथेनॉलपेक्षा बलवान असतात. अमेरिकी सरकारच्या वाहन-इंधन माहितीनुसार थांबत-थांबत पुढे सरकणाऱ्या रहदारीत एकदम वेग घेणे आणि करकचून ब्रेक दाबणे या सवयीने अ‍ॅव्हरेज १० ते ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि टायरमधील हवेचा दाब दर एक पीएसआयने कमी झाला की सुमारे ०.२ टक्के घट होते. ज्या रस्त्यावर खोदकाम सुरू आहे अशा रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीला ई-२० ची झळ वेगळी काढून दाखवणे म्हणूनच अवघड जाते. ही अडचण दोन्ही बाजूंना लागू पडते: सगळी घट इथेनॉलच्या माथी मारणे जसे चूक, तसेच ‘घट जाणवत नाही, म्हणजे ती नाहीच’ असे म्हणणेही चूक आहे. वर्षाच्या हिशेबात ती दिसतेच. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या आणि लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीला ८०० लिटर लागतात. अ‍ॅव्हरेज ६ टक्क्यांनी घटले, तर ५१ लिटर अधिक लागतात आणि लिटरचा दर १०० रुपये धरला, तर वर्षाचा बोजा ५,१०० रुपये होतो. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलीला साडेतीन टक्के घटीमुळे साधारण ९ लिटर, म्हणजे ९०० रुपयांच्या आत-बाहेर अधिक खर्च येतो.

मिरज-मनमाडपासून ई-२० पर्यंत

इथेनॉल मिश्रणाचा भारतातील पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती आणि तिसरे उत्तर प्रदेशातील बरेलीजवळचे होते. महाराष्ट्राची निवड स्वाभाविक होती. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून राज्यात साखर उद्योगाची जी उभारणी झाली, तिच्यातून मळी भरपूर निघत होती आणि तिच्यापासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्याही होत्या. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, पण पुढची अनेक वर्षे तो पुरवठा आणि दर यांच्या वादात रखडला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांसाठी २०३० चे उद्दिष्ट ठेवले आणि नंतर ते २०२५-२६ वर आणले गेले. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभरातील मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. साखरेचा साठा, कारखान्यांची थकबाकी आणि उसाची बिले या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून कारखानदारांनी इथेनॉलकडे पाहिले. मात्र ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या तुटवड्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक निर्बंध आले, तेव्हा हा मार्गही पावसाच्या लहरीवर अवलंबून असल्याचे दिसून आले.

सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या कार्यक्रमाने १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचवले. धोरणाची ही बाजू महत्त्वाची आहे, पण तिचाही हिशेब ऊर्जेच्या चौकटीत पाहायला हवा. इंजिन सुधारलेले नसेल, तर ई-० च्या एका लिटरएवढे अंतर कापण्यासाठी ई-२० चे सुमारे १.०७ लिटर लागतात आणि त्यात पेट्रोल ८६० मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे २० टक्के मिश्रणातून पेट्रोलची खरी बचत १४ टक्क्यांच्या जवळपास होते. बचत मोठीच आहे. फक्त मिश्रणाचा टक्का आणि बचतीचा टक्का एक नव्हेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

दराचा प्रश्न

ब्राझीलमध्ये १९७५ पासून इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्येही ३० टक्के इथेनॉल असते. तेथे २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल मोटारी, म्हणजे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी, विकल्या जातात आणि पंपावर पेट्रोल व इथेनॉल शेजारी-शेजारी वेगळ्या दराने मिळतात. चालक मनातल्या मनात एक भागाकार करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या दराच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाही तर पेट्रोल. हा ७० टक्क्यांचा नियम म्हणजे दोन्ही इंधनांतील ऊर्जेचेच गुणोत्तर आहे. तेथील ग्राहक लिटरऐवजी किलोमीटर विकत घेतो, असे म्हणता येईल.

भारतीय ग्राहकाला अशी निवड नाही. इंडियन ऑइलचे एक्सपी-१०० सारखे इथेनॉलविरहित पेट्रोल मोजक्या पंपांवर आणि साध्या पेट्रोलच्या दीडपट दराने मिळते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा आणि पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळकपणे लिहावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. दराबाबत सरकारचे म्हणणे असे की तेल कंपन्यांना इथेनॉल आता स्वस्त पडत नाही. जुलै २०२५ अखेर त्याची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती आणि ती शुद्ध पेट्रोलच्या कारखाना-किमतीपेक्षा जास्त होती. तेल कंपन्यांच्या बाजूने हा हिशेब बरोबर आहे. पण नीती आयोगाच्या त्याच आराखड्याने उष्मांकातील तूट भरून निघावी म्हणून मिश्रित इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा आणि सरकारने त्यासाठी करसवलतीचा विचार करावा, अशी शिफारस केली होती. पंपावरील दरात केंद्र आणि राज्य यांच्या करांचा मोठा वाटा असतो, तेव्हा ही शिफारस अमलात आणण्यास जागा होती. ई-१० लिटरला १०० रुपयांना मिळत असेल, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी ई-२० चा न्याय्य दर ९६ रुपये ५० पैसे होतो. साडेतीन रुपयांचा हा फरक आज वाहनधारक आपल्या खिशातून भरतो आहे.

ज्या उसापासून या इंधनाचा मोठा भाग येतो, त्या उसाची किंमत शेतकऱ्याला निव्वळ वजनावर मिळत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरलेली क्विंटलला ३५५ रुपयांची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला आहे. उतारा वाढला की दर वाढतो आणि घटला की घटतो. म्हणजे काट्यावर ऊस मोजला, तरी पैसे त्यातील साखरेचे मिळतात. साखरेच्या बाबतीत देशाने कायद्याने मान्य केलेले हे तत्त्व त्याच उसापासून बनलेल्या इंधनालाही लागू व्हायला हरकत नसावी. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले असावे, गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्या प्रमाणावरचे अ‍ॅव्हरेज छापलेले असावे आणि लिटरचा दर त्यातील ऊर्जेशी जोडलेला असावा, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तर अ‍ॅव्हरेजवरून उठलेल्या तक्रारींना फारसे कारण उरणार नाही. तोपर्यंत वाहनधारकाने एका टाकीवरून निष्कर्ष न काढता काही महिन्यांची नोंद ठेवावी, आणि धोरणकर्त्यांनी एक-दोन टक्क्यांचा आकडा सांगताना तो कोणत्या गाडीचा आहे, हेही त्याच वाक्यात सांगावे.